चाळिशी ओलांडलेला भाऊ

दरवर्षी २१ मार्चच्या, म्हणजे जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाच्या, आसपास शाळा-रुग्णालयांच्या भिंतींवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची छायाचित्रे दिसू लागतात. गोबरे गाल, किंचित तिरके डोळे, तोंडभर हसू आणि हातात फुगा. मलाही ही छायाचित्रे आवडतात. मात्र त्यांतले एकही मूल बारा वर्षांच्या पुढचे नसते, हे लक्षात आल्यापासून मी ती जरा निराळ्या नजरेने पाहू लागले आहे. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याने चाळिशी ओलांडली आहे, कानशिलांवरचे केस पांढरे झाले आहेत, जवळचा चष्मा लागला आहे आणि थायरॉइडची गोळी तो रोज सकाळी उपाशीपोटी, कोणी आठवण न करता घेतो. त्याच्यासारखा माणूस मी अजून एकाही पोस्टरवर पाहिलेला नाही.

तारीख निवडणाऱ्यांनी मात्र डोके चालवले आहे. या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. हा दिवस २००६ पासून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०११ मध्ये तसा ठराव केल्यावर २०१२ पासून त्याला अधिकृत मान्यता मिळाली. त्या दिवशी दोन पायांत दोन निराळ्या रंगांचे मोजे घालायचे अशीही प्रथा पडली आहे, कारण गुणसूत्रांचा आकार मोज्यांसारखा दिसतो. थंड हवेच्या देशांत ही कल्पना शोभत असेल. आमच्या सांगलीत मार्चच्या उकाड्यात माणसे चपला घालून फिरतात. माझ्या भावाने एका वर्षी सकाळी छायाचित्रापुरते ते मोजे घातले आणि दुपारच्या जेवणाआधी काढून खिशात घातले. उत्सव म्हणजे काय आणि सोय म्हणजे काय, यांतला फरक त्याला पक्का कळतो.

त्याचा जन्म १९८३ सालचा. त्याच्या पहिल्या केसपेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात ‘मंगोल’ असा शेरा आहे. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या अवस्थेचे पहिले नेटके वर्णन केले, तेव्हा चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी तो शब्द वापरला होता. मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो १९६५ साली सोडून दिला, पण ती बातमी पुढच्या अठरा वर्षांतही आमच्याकडे पोचली नव्हती. यामागचे कारण तर त्याही आधी, १९५९ साली, पॅरिसमध्ये झेरोम लजन, मार्त गोतिए आणि रेमों त्युर्पँ यांनी दाखवून दिले होते : पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे. (पेशी वाढवण्याचे अवघड काम गोतिएबाईंचे आणि कीर्ती मुख्यतः लजन यांची, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची एक जोडी सुटी होत नाही, एवढीच ती घटना असते, आणि तिच्यावर आईच्या खाण्यापिण्याचा, चालण्याबोलण्याचा किंवा न पाळलेल्या ग्रहणाचा काडीचाही परिणाम होत नाही. आमच्या आजीने ग्रहणाचा विषय काढायचा तो काढलाच. आईचे वय तेव्हा सव्वीस होते. वय वाढते तशी ही शक्यता वाढते हे खरे असले, तरी अशी बहुतेक बाळे पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात त्याच वयात जास्त बाळंतपणे होतात. हा साधा हिशेब आईला कोणी सांगितला असता, तर कितीतरी वर्षे तिने स्वतःला लावून घेतलेला दोष टळला असता.

डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन, “पंचवीसएक वर्षं धरून चाला,” असे सांगितले होते. हे वाक्य आमच्या घरात पुढे अनेक वर्षे कोणी मोठ्याने उच्चारले नाही, तरी ते सर्वांना पाठ होते. ते चुकीचे होते असेही म्हणता येत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी पाहिल्या, तर डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुष्य १९२९ मध्ये सुमारे ९ वर्षे होते, १९४९ मध्ये १२ आणि माझ्या भावाच्या जन्माच्या वर्षी २५. आज ते साठीच्या घरात आहे. शंभर वर्षांच्या आत आयुष्य सहापटीने वाढावे, असे माणसांच्या दुसऱ्या कोणत्या गटाच्या बाबतीत घडले असेल, मला माहीत नाही. याचे श्रेय आधी शल्यचिकित्सकांना जाते. जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि पूर्वी त्यातच ती दगावत. दुसरे श्रेय प्रतिजैविकांचे. तिसरे श्रेय क्वचितच कोणी मांडते, म्हणून ते मी मुद्दाम मांडते. ही मुले वेड्यांच्या इस्पितळांत आणि मोठमोठ्या आश्रमवजा संस्थांत टाकून दिली जात होती, ती घरी वाढू लागली. माझ्या भावाच्या हृदयातले छिद्र लहान होते आणि ते आपसूक बुजले. आता २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात अवस्थांची तपासणी होते त्यांत डाऊन सिंड्रोमचे नाव आहे, आणि अनेक जिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत. स्नायूंचा सैलपणा, ऐकू येणे, डोळे, थायरॉइड आणि बोलणे यांवर पहिल्या काही महिन्यांतच काम सुरू झाले तर किती फरक पडतो, ते मी पुढच्या पिढीतल्या मुलांकडे पाहून सांगू शकते. ती माझ्या भावापेक्षा लवकर चालतात, स्पष्ट बोलतात आणि बऱ्यापैकी वाचतात.

पण पंचवीस वर्षे धरून चाललेल्या घराने सव्विसाव्या वर्षाची तयारी केलेली नसते. समाजाचेही तसेच झाले आहे. अठराव्या वर्षी शाळा संपते आणि तिथून पुढची चार दशके रिकामी पडतात. ती भरायची कशाने, हा प्रश्न प्रत्येक घर आपापल्या कुवतीने आणि नशिबाने सोडवते.

आमच्या नशिबाने गावात एक संरक्षित कार्यशाळा, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांना आधार देत काम देणारी जागा, होती आणि भाऊ तिथे जाऊ लागला. तिथले दसऱ्यानंतरचे दिवस पाहण्यासारखे असतात, कारण तेव्हा उटण्याचा हंगाम असतो. लांब टेबलावर वजनकाटा, त्याच्या एका बाजूला उटण्याची परात, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या पिशव्या. भावाला विसाच्या पुढचे मोजणे भरवशाने जमत नाही. म्हणून तिथल्या ताईंनी काट्याच्या आकड्यांशेजारी लाल कागदावर मोठा ‘५०’ लिहून चिकटवला आहे. काट्यावरचे चित्र आणि कागदावरचे चित्र सारखे दिसेपर्यंत तो चमच्याने उटणे टाकतो, जास्त झाले तर चिमटीने काढतो, आणि ते ‘४९’ वर थांबले तर दुसऱ्या कोणी “चालतंय रे” म्हटले तरी पुढे सरकत नाही. लेबल वाकडे लागू नये म्हणून पुठ्ठ्याचा साचा आहे. साच्यात पिशवी सरकवायची आणि मोकळ्या चौकोनात लेबल लावायचे. पिशवी बंद करायच्या यंत्राचा दिवा विझेपर्यंत दांडी दाबून धरायची. हे यंत्र हाताळण्याचा मान त्याच्याकडे आहे आणि तो ते सहसा दुसऱ्याला हात लावू देत नाही. आधार देणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी तो लाल कागद दाखवीन. ताईंनी त्याचे काम स्वतः करून टाकले नाही, काम त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरवले नाही आणि पन्नासाऐवजी अंदाजे भरायची सूटही दिली नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनात या पिशव्या विकायला ठेवतात. बरीचशी गिऱ्हाइके “बिचाऱ्यांनी केलंय, घ्या दोन” असे एकमेकांना सांगत, पिशवीकडे न पाहताच पैसे देतात. एका वर्षी एक बाई मात्र पिशवी उलटसुलट करून, नाकाजवळ नेऊन माझ्या भावाला म्हणाल्या, “गेल्या वर्षी तीसला होतं, यंदा चाळीस कसं?” भाऊ गोंधळला, मग त्याने ताईंना बोलावले, ताईंनी नागरमोथा आणि कचोऱ्याचे भाव सांगितले, बाईंनी तरीही कुरकुर केली आणि एकच पिशवी घेतली. मला त्या बाईंचा हात हातात घ्यावासा वाटला. तिथे आलेल्यांत त्याच्याशी दुकानदाराशी बोलावे तसे बोललेल्या त्या एकट्याच होत्या.

या माणसांना शिकवण्याचेही एक शास्त्र आहे आणि ते गूढ मुळीच नाही. कानाने ऐकलेले त्यांच्या मनात फार काळ टिकत नाही. डोळ्याने पाहिलेले पुष्कळ टिकते. त्यामुळे “आंघोळ करून, कपडे घालून, डबा भरून निघ” या वाक्यातले फक्त शेवटचे “निघ” हाती लागते, आणि तीच कामे चित्रांनी भिंतीवर लावली की क्रमाने पार पडतात. बोलता येते त्याच्यापेक्षा समजते कितीतरी जास्त. जिभेच्या आणि तोंडाच्या स्नायूंना ताण कमी असतो, त्यामुळे शब्द जुळवून बाहेर यायला वेळ लागतो; आणि तेवढ्यात समोरचा माणूस दुसरा प्रश्न विचारतो, किंवा उत्तरासाठी माझ्याकडे वळतो. “हा चहा घेतो का?” हा प्रश्न माझ्या भावाच्या देखत मला किती जणांनी विचारला असेल! मी आता उत्तर देणे सोडले आहे. मी त्याच्याकडे पाहते, विचारणाऱ्यालाही पाहावे लागते, आणि काही क्षणांनी उत्तर येते, “घेतो. साखर कमी.”

डाऊन सिंड्रोमची मुले नेहमी हसरी, प्रेमळ आणि निरागस असतात, हा समज कौतुकातून आलेला असला तरी त्याचा मला फार जाच होतो. माझा भाऊ प्रेमळ आहेच. शिवाय तो हट्टी आहे, क्रिकेट हरल्यावर जेवत नाही, कार्यशाळेतल्या एका सहकारिणीवर त्याचा जीव आहे आणि तिच्या शेजारी दुसरे कोणी बसले तर त्याचे तोंड दिवसभर फुगलेले असते. नेहमी आनंदी असलेल्या माणसाला दुःख होत नाही, आणि दुःख होत नाही त्याला सांगायचे तरी काय, असा तो विचार पुढे सरकत जातो. वडील गेले तेव्हा हे मी जवळून पाहिले. मृत्यूची बातमी त्याला सांगू नये, त्याला दोन दिवस शेजारी पाठवावे, अशी सूचना झाली. विधींचा प्रश्न आला तेव्हा तर एकमतच होते की चुलतभावाने अग्नी द्यावा, कारण “त्याला काय कळतंय?” आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “त्याचा बाप गेलाय. तो करील.”

गुरुजी वयस्कर होते आणि बहुधा त्यांना हे कोणी शिकवले नसेल, पण त्यांनी एका वेळी एकच गोष्ट सांगितली. आता हे हातात घ्या. आता इथे उभे राहा. ते त्याला अहो-जाहो करत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन त्याने तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला मडक्याला दगडाने भोक पाडले जात होते आणि पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होते. मग मडके मागे टाकायचे आणि वळून पाहायचे नाही. त्याने ते इतके मनावर घेतले की कृष्णाकाठावरून बाहेर पडताना चप्पल राहिली म्हणून आम्ही हाका मारल्या, तरी तो वळला नाही. अनवाणीच गाडीपर्यंत गेला. पुढचे दोन-तीन महिने तो नेहमीसारखा वागला आणि “बघा, विसरला” असे लोक म्हणाले. मग त्याचे जेवण तुटले, वडिलांची खुर्ची तो कोणाला हलवू देईना, आणि रात्री दार उघडून व्हरांड्यात उभा राहू लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांचा शोक पुष्कळदा असाच उशिरा आणि वागण्यातून बाहेर पडतो, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. खुर्ची आम्ही तिथेच ठेवली. अल्बम काढून बसलो. तो सावरला.

आपल्याकडे या क्षेत्रात जे काही उभे आहे, त्यातले बरेचसे आईबापांनी उभे केलेले आहे. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याला आपल्या दिना या मुलीसाठी शाळा सापडली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. तिला डाऊन सिंड्रोम होता. शिवडीची जय वकील शाळा त्यातून वाढली. चेन्नईत सुरेखा रामचंद्रन यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने १९८४ साली सुरू केलेले काम पुढे डाऊन सिंड्रोम फेडरेशन ऑफ इंडिया या नावाने देशभर पोचले. डोंबिवलीजवळ खोणी येथे ‘घरकुल’ हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे निवासी घर उभारले तेही अमेय पालक संघटनेच्या पालकांनीच. नवी मुंबईत बेलापूरला अदिती वर्मा या डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणीने २०१६ साली स्वतःचे छोटे उपाहारगृह सुरू केले, त्यामागेही घरचे लोक आहेत. जुहूचे ‘कॅफे अर्पण’ हे एका न्यासाने चालवलेले, आणि तिथे डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता अशा अवस्था असलेली प्रौढ माणसे नोकरी करतात. हे सारे अभिमानाचे आहे, यात शंका नाही. पण ज्या आईबापांकडे पैसा, ओळखी किंवा नुसती न संपणारी ताकद नाही, त्यांच्या मुलांनी काय करायचे, हा प्रश्न या अभिमानाखाली दबून जातो. तालुक्याच्या गावातली, शेतमजुरी करणारी आई अशी संस्था काढू शकत नाही. तिला ती आयती, एसटीच्या अंतरावर मिळायला हवी.

कायदे बोलायला चांगले आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून पालकत्व मिळण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले : दिव्यांग व्यक्तीला कायद्यासमोर इतरांइतकीच क्षमता आहे असे तेराव्या कलमात म्हटले, आणि गरज पडली तर तिच्या वतीने सारे ठरवणारा पालक नव्हे, तर तिच्यासोबत निर्णय घेणारा मर्यादित पालक चौदाव्या कलमात आणला. प्रत्यक्षात एका बँकेत माझ्या भावासमोर शाईचा पॅड सरकवण्यात आला. त्याने सही करायला शिकण्यासाठी कितीतरी वह्या भरल्या आहेत. देवनागरीत, पूर्ण नाव, आडनावाच्या शेवटी एक ठिपका. त्याने पॅड परत सरकवला आणि खिशातले पेन काढले. यावर बराच वेळ चर्चा झाली, मी तेराव्या कलमाची छापील प्रत पर्समधून काढली, शाखाधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि सही चालली. (ती प्रत मी आता कायमचीच पर्समध्ये ठेवते.) मतदानाचे मात्र सोपे गेले. मानसिकदृष्ट्या अक्षम असल्याचे न्यायालयाने जाहीर केल्याशिवाय अशा माणसाचा मताधिकार जात नाही, आणि आमच्या केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते. कोणाला मत दिले ते तो सांगत नाही. विचारले तर “गुप्त असतं” म्हणतो आणि बोटावरची शाई दाखवतो.

आता त्याच्या वयाचे निराळे प्रश्न समोर आहेत आणि त्यांच्याविषयी सगळ्यांत कमी बोलले जाते. मेंदूत अल्झायमरला कारणीभूत होणारे प्रथिन ज्या जनुकापासून बनते, ते जनुक नेमके एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. तीन प्रती असल्या की ते प्रथिन आयुष्यभर जास्त बनत राहते. त्यामुळे चाळिशीपर्यंत मेंदूत ते बदल दिसू लागतात आणि पन्नाशीत अनेकांना स्मृतिभ्रंश गाठतो. हे वाचल्यावर मी कितीतरी रात्री नीट झोपले नव्हते. पण याचीच दुसरी बाजूही पालकांना माहीत असायला हवी. या वयात वागणे बदलले की सरसकट “आता असंच व्हायचं” असे समजून गप्प बसू नये. थायरॉइड कमी पडतो, कानात मळ साचून ऐकू येईनासे होते, मोतीबिंदू लवकर येतो, झोपेत श्वास अडकतो, माणूस नुसता खिन्नही असतो. आणि या सगळ्यांवर उपाय आहेत. आमच्या भावाने दोन वर्षांपूर्वी कामात चुका सुरू केल्या, लाल कागदही त्याला दिसेनासा झाला, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. निघाला तो जवळच्या चष्म्याचा नंबर.

आई सत्तरीला आली आहे. “आमच्यानंतर काय?” हा प्रश्न पालकांच्या प्रत्येक बैठकीत उठतो आणि तिथे बसलेल्या बहिणी-भावांकडे सारे पाहतात. मी त्याला माझ्याकडे नेणार, हे सगळ्यांनी, मी धरून, कधीच ठरवून टाकले होते. मध्यंतरी माझ्या मुलाने जेवताना सहज विचारले, “मामाला विचारलं का?” विचारले नव्हते. मग विचारले. त्याने दोन दिवस घेतले आणि अटी सांगितल्या : स्वतःचे कुलपाचे कपाट, कार्यशाळा सोडायची नाही आणि लहान मुलांच्या खोलीत झोपायचे नाही. कार्यशाळेपासून जवळ मोठ्या माणसांसाठी एक निवासी घर आहे. तिथे तो आठवडाभर राहून पाहायला गेला. परत आल्यावर त्याने सविस्तर तक्रार केली. चहात आले नसते, टीव्ही नऊलाच बंद करतात आणि शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ घोरतात. तरी सोमवार ते शुक्रवार तिथे राहायला तो तयार आहे, कारण ती सहकारिणीही तिथेच राहते. शनिवार-रविवारी मात्र तो माझ्याकडे येणार, कारण रविवारी आमच्याकडे मटण असते. संस्थेला हे मान्य आहे, आईने रडून झाल्यावर मान्य केले आहे. आल्याच्या चहाविषयी बोलणी अजून चालू आहेत.